पान्या, ब्रेकबद्दल

ता. १७, मंगळवार, सकाळ

चि. पान्यास,

दाजीचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. चहा झाला आहे, दुकान अजून उघडलेलं नाही, आणि तुझी ताई आतल्या खोलीत मापांच्या वहीत डोकं घालून बसली आहे. तिकडे तुझं गॅरेज आणि घरची मंडळी नीट असतील असं धरून चालतो. पत्र लिहायची सवय सुटली आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

थोरलीच्या हाती पाठवलेला तुझा कागद मिळाला. मामाला सांगू नको म्हटलं की ती आधी मामालाच सांगते, त्यामुळे मी नवी पिकअप घेतल्याचं तुला कळणारच होतं. सहा वर्षांनी तुझा कागद आला, तर त्यात ना ‘कसे आहात’, ना ‘नमस्कार’. पहिलीच ओळ, ‘दाजी, नव्या गाडीचे ब्रेक जुन्या पायाने दाबू नका.’ वाचून हसलो. तुला शाळेत पाठवलं की दप्तरात पाना घेऊन जायचास, तेव्हापासून तू असाच.

आता खरं सांगतो. तो कागद मी वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. पस्तीस वर्षं गाडी चालवतोय आणि हा मला ब्रेक शिकवतोय, असं म्हणालोसुद्धा. तेही मनात नाही, चांगलं मोठ्याने, काचा भरता भरता.

त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचे पाच आरसे पोचवायचे होते. चांगले पुरुषभर उंचीचे, कडा घासलेले. जुन्या गाडीचा माझा हिशेब तुला माहीत आहेच. शिंप्याचं दुकान आलं की पहिल्यांदा पॅडल मारायचं, औषधांचं दुकान आलं की दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा मारलं की गाडी बरोबर सलूनच्या दारात उभी. शिंपी आला. पायाने आपलं नेहमीचं काम केलं. पान्या, गाडी जागच्या जागी थांबली! मी पुढच्या काचेला नाक लावून आलो, मागे आरशांनी जो काही आवाज केला तो शिंपी अजून लोकांना करून दाखवतो, आणि माझ्या मागच्या स्कूटरवाल्याने माझ्या सात पिढ्यांची नावं घेतली. पाचपैकी एक आरसा वाचला. सलूनवाला बाहेर येऊन बघत म्हणाला, “दाजी, चार गिऱ्हाइकांना आता एकमेकांकडे बघूनच दाढी करून घ्यावी लागणार.”

मग मुकाट्याने खिशातला कागद काढला.

तुझ्या पाचही सूचना पाळल्या. आठवडाभर गाडी रिकामी चालवली. पाय उचलून मारायचा नाही, टाच खाली टेकवून नुसत्या अंगठ्याने दाबायचं, हेही जमवलं. पण खरी कमाल तुझ्या बादलीची. ‘मागे काठोकाठ भरलेली बादली ठेवा, ती सांडायची थांबली की मगच काच भरा.’ कुठून सुचतं रे तुला हे? बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात रोज सकाळी जायला लागलो. पहिल्या दिवशी बादलीत तळाशी चूळ भरण्याइतकं पाणी उरलं. दुसऱ्या दिवशी अर्धी. तिथे फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ रोज थांबून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “दूध घालता का हो?”

जुनी गाडी भंगारवाल्याला दिली. तिच्यात जीव गुंतला होता, खोटं कशाला बोलू. पण जाताना तिने एक गोष्ट दाखवली. भंगारवाल्याने पायाखालची रबरी चटई ओढून काढली आणि उन्हात धरली. माझ्या बाजूला पॅडलखाली झिजली होती, ते ठीक. पण माझ्या शेजारच्या बाजूलाही टाचेएवढं भोक पडलं होतं. तो म्हणाला, “शेठ, इकडेही ब्रेक होता काय?”

इकडे तुझी ताई बसायची. इतकी वर्षं मी ब्रेक दाबला की तीही आपल्या बाजूने चटई दाबत होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तिने तोंडाने कधी ‘हळू चालवा’ एवढंही म्हटलं नाही. मी भंगारवाल्याला काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि घरी येऊन बराच वेळ तोंड धुतलं.

चौथ्या दिवशी मैदानात तीच माझ्यासोबत आली. तुम्ही पुढे बघा, बादलीकडे मी बघते, असं म्हणाली. तिसरी फेरी, चौथी फेरी, आणि पाचव्या फेरीला थेंबही सांडला नाही. तिने मांडीवर थाप मारली. किती दिवसांनी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं! मग विचारलं, “ही बादलीची युक्ती कुणाची?”

“पान्याची,” मी म्हणालो.

तिचं हसू गेलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “त्याला कधीपासून ब्रेक कळायला लागले?”

इथवर लिहिलं आणि आतून आवाज आला.

“झालं का लिहून?”

“होतंय.”

“कुठवर आलात?”

“बादलीपर्यंत.”

“बादली पुरे झाली,” ती म्हणाली.

तर पान्या, बादली पुरे झाली. गेले चार दिवस मी हे पत्र मनात लिहितोय, आणि दरवेळी ब्रेकपाशीच घुटमळतोय. तिने मला सांगितलं आहे की साध्या शब्दांत लिहा, कुणालाही दाखवलं तर कळेल असं. म्हणून तसंच लिहितो.

सहा वर्षांपूर्वी नव्या शाळेच्या खिडक्यांच्या काचा मला पोचवायच्या होत्या. त्याच्या आदल्या दिवशी मी गाडी तुझ्या गॅरेजमध्ये लावली. तू चाकं उतरवून बघितलीस आणि म्हणालास, “दाजी, आतले रबर गेलेत. मी पार्ट घेऊन येतो. तोवर गाडी हलवायची नाही.” तू चाकं परत बसवून ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसने पार्ट आणायला गेलास. मी मागून आलो. किल्ली खिळ्याला होती. शाळेचं उद्घाटन त्याच्या दुसऱ्याच दिवशी होतं, मी शब्द दिला होता, आणि तीनदा पॅडल मारून मी ती गाडी कित्येक वर्षं थांबवत आलो होतो. किल्ली काढली आणि गाडी नेली. घरून तुझ्या ताईला घेतलं. बसताना तिने विचारलं, “झाली का गाडी?” मी म्हणालो, “झाली.”

पाण्याच्या टाकीच्या उतारावर पॅडल तळाला गेलं. चौथ्यांदा मारलं, पाचव्यांदा मारलं. टाकीच्या भिंतीने आम्हाला थांबवलं. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचं डावं मनगट गेलं. ते अजून पुरतं वळत नाही, हे तुला थोरलीने सांगितलं असेल. आता माप घेताना टेपचं टोक मी धरतो, आकडा ती वाचते.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहितो. दवाखान्यात ती मला म्हणाली, “ब्रेक तर पान्याने केले होते ना?” तू दारात उभा होतास. तुझ्या हातात त्या पार्टचं पाकीट होतं, अजून फोडलेलं नव्हतं. मी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणालो, “हो, त्यानेच केले.” तू ते पाकीट खिशात घातलंस. “चुकलं, ताई,” एवढंच बोललास.

पान्या, तुझं काहीही चुकलं नव्हतं. ब्रेक तू केलेच नव्हतेस. गाडी मी चोरून नेली होती आणि खोटं मी बोललो होतो. गाडीच्या स्टँडवर लोक विचारायचे तेव्हाही मी नुसती मान हलवायचो, आणि बघता बघता तुझ्या दारात गाड्या यायच्या थांबल्या. वर्षाच्या आत तू गाव सोडलंस. मी तुला निरोप द्यायलासुद्धा आलो नाही. दुकानात काच कापत बसलो होतो आणि एकही काच सरळ कापली जात नव्हती.

तू का बोलला नाहीस हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला तेव्हाच कळलं होतं. तुझी ताई त्या दिवशी माझ्यावरचा विश्वास घालवून बसली असती. तिचं घर मोडू नये म्हणून तू तिची माया सोडलीस. तिने सहा वर्षं तुला फोन केला नाही, तुझ्या मुलीला अजून पाहिलं नाही, आणि हे सगळं तू गिळलंस. आणि इतकं होऊन, मी नवी गाडी घेतली हे कळताच तुला काळजी कशाची, तर माझा पाय ब्रेकवर नीट पडतो की नाही याची. तुझा कागद मी आता इतक्यांदा वाचला आहे की घडीवर फाटायला आला. मागे वळून बघतो तेव्हा माझा संसार, माझी बायको, माझं दुकान, सगळं तुझ्या त्या दोन शब्दांवर उभं दिसतं. तुझे आभार कोणत्या तोंडाने मानू? पण मानतो. मनापासून मानतो.

तर त्या दिवशी मैदानात मी गाडी बंद केली, किल्ली काढून तुझ्या ताईच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. “मी बसताना विचारलं तेव्हा तुम्ही झाली म्हणालात?” मी हो म्हणालो. “आणि तो दारात उभा होता?” मी पुन्हा हो म्हणालो. मग ती खाली उतरली, मागची बादली काढली, पाणी ओतून दिलं, आणि बादली घेऊन पायी घरी निघून गेली. ते निवृत्त गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले.

तीन दिवस आमच्यात एक शब्द नाही. जेवण वाढलं जायचं, मापं सांगितली जायची, पण ती भिंतीला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आज सकाळी चहा समोर ठेवून म्हणाली, “कागद काढा आणि लिहा. फोन नको. बोललेलं हवेत जातं. त्याच्या हातात तुमच्या सहीचा कागद पाहिजे.” मी म्हणालो, “आणि मग?” ती म्हणाली, “मगचं मग.”

सलूनवाल्याला मी कालच सगळं सांगून आलो. दाढी अर्धी झाली असताना सांगितलं, त्यामुळे त्याचा वस्तरा थांबला आणि उरलेली दाढी मला घरी येऊन करावी लागली. त्याला सांगितलं म्हणजे आठवडाभरात स्टँडवर, बाजारात आणि शाळेत सगळीकडे पोचेल. ज्या तोंडांनी तुझं नाव खराब केलं त्याच तोंडांनी ते धुऊन निघू दे. तू गेलास तिथे तुझं चांगलं चाललं आहे हे मला माहीत आहे, तुला आता इथल्या लोकांची गरज नाही. पण इथल्या लोकांना खरं कळायला हवं.

माफी मागतो. दिलीस तर तुझा मोठेपणा, नाही दिलीस तरी हा कागद तुझाच. जपून ठेव, दाखव, भिंतीला लाव, तुला वाटेल ते कर.

न झालेले ब्रेक झाले म्हणून सांगणारा,
तुझा दाजी

ता. क. पत्र ताईला वाचायला देतोय. खाली जागा सोडली आहे.

पान्या,

वाचलं. दोनदा वाचलं. यांचं अक्षर लागत नसेल तर मला विचार, मला सगळं लागलं.

मी तुला काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. तुझ्या दारात उभी राहून बोलले होते, आणि तू तेव्हाही खाली मान घालून पाना पुसत होतास. ते कसं परत घ्यायचं ते मला कळत नाही. समोर आले की बघू.

रविवारी येतो आहोत. पिकअपनेच. यांच्याशी मी अजून नीट बोलत नाही, पण शेजारी बसेन, कारण तुझ्या मुलीला बघायचं आहे आणि एकटीने बस बदलत यायचं माझं वय राहिलं नाही. येताना यांच्या भरवशावर येईन, ते कसंबसं निभेल.

पण परत जाताना तू आधी ब्रेक बघून दे. गाडी नवी आहे, काही बिघडलेलं नाही, कंपनीच्या माणसाने तपासली आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरी तू चाकं उतरवून, हात घालून, स्वतः बघ. तू झाली म्हणालास की मी बसेन.

तुझी ताई