वहिनीच्या खाणावळीत

अण्णा,
बोरगावहून ब्राह्मीचा जय जिनेंद्र.

शाळेतल्या बायकांबरोबर मालवणला गेलते. तू मासे खाणाऱ्या घरात लग्न करून गेलास तेव्हापासून आप्पांनी घरात तुझं नाव काढू दिलं नाही, तरी बंदरावरची तुझी खाणावळ मी विचारत विचारत गाठली. तू बर्फ आणायला गेलतास. सगळ्याजणी सुरमई मागवत होत्या, मी समुद्राकडं बघत बसले.

वहिनी जवळ आली. "बोरगावच्या मां तुमी? नाक ह्यांचाच आसा."

मासे न शिजणाऱ्या वेगळ्या चुलीवरचा भात आणि आमटी तिनं पुढं ठेवली. "दिवस बुडाच्या आदी जेवून घेवा. हे आजून उजेडातच जेवतत."

मला आईची हाक ऐकू आली. आपण उसात लपायचो आणि ती बांधावरून ओरडायची, "दिवस बुडायलाय, जेवायला या रं!" मी पदरानं डोळे पुसले. वहिनीनं न विचारता पाठीवर हात ठेवला. तू परतायच्या आत आमची गाडी निघाली.

घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "कुठं जेवलीस?"

"अण्णाकडं."

ते माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "सुनेच्या हाताला चव हाय व्हय गं?"

हे पत्र मी टाकत नाही, अण्णा. आप्पांना घेऊनच येते.

तुझी,
ब्राह्मी