ईनॉक बडच्या कागदांसकट माझी निरवानिरव

मी, दीनानाथ रामचंद्र कुंभोजकर, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी फिटर, हल्ली काही नाही, राहणार बेसिंगस्टोक, हॅम्पशायर, मूळ राहणार माधवनगर, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या अक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. मला कोणी भरीला घातलेलं नाही. घालायला घरात कोणी नाही. २००४ साली मी व माझी पत्नी नीना यांनी केलेली इंग्रजी मृत्युपत्रं होती. त्यातलं माझं मी याद्वारे रद्द करतो. नीनाचं तिच्याबरोबर संपलं.

मराठीत कशाला, असं माझी सॉलिसिटर ऋजुता हिने विचारलं. "काका, चालेल तसं, पण ट्रान्सलेशन जोडावं लागेल. डायरेक्ट इंग्लिशमध्येच करू या ना?" मी म्हटलं, "ज्याला उद्देशून लिहायचंय, त्याच्याशी मी इंग्रजीत कधी खरंही बोललो नाही आणि खोटंही." तिने कोरे कागद दिले.

कलम १. माझ्या पश्चात या मृत्युपत्राची अंमलबजावणी ऋजुताने करावी. तिची फी आधी चुकती करावी.

कलम २. माझं राहतं टेरेस घर, म्हणजे ओळीत भिंतीला भिंत लागलेलं, माझा मुलगा सुयश याचं. तो १९७९ साली याच घरात वाढायला आला आणि २०१० साली इथूनच होबार्टला गेला. ऑस्ट्रेलियाच्याही खाली टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथे. त्याने घर विकावं. भावनेपोटी ठेवून घेऊ नये, छत गळतं. डावीकडच्या शेजाऱ्याने कुंपण एक फूट आत सरकवलेलं आहे. मी एकोणीस वर्षं भांडलो. घेणाऱ्याला हे आधीच सांगावं, म्हणजे त्याची एकोणीस वर्षं वाचतील.

कलम ३. शेडमधली हत्यारं, म्हणजे दोन मायक्रोमीटर, व्हर्नियर, फाइल्सचा संच आणि माधवनगरहून आणलेला पितळी ओळंबा, हे सर्व हाउन्सलोच्या हरीश वागळे याला द्यावं. हरीश आणि मी १९७२ साली एका खोलीत राहिलो. तो पुढे विमानतळावर लागला, मी इथे लॉरीच्या कारखान्यात. गेली नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. मंडळाच्या गणपतीला तो समोरून आला तर मी चपला शोधायला लागायचो. पुढे मंडळातच जायचं सोडलं. का, ते सहाव्या कलमात आहे. चूक त्याची नव्हती, हे मात्र इथेच नोंदवतो.

कलम ४. कढीपत्त्याची कुंडी, दोन कुकर आणि नीनाची पुरणयंत्रं दोन घरं पलीकडच्या मीनलला द्यावीत. ती नागपूरची, ऑफिसातून दमून येते तरी गुरुवारी डबा आणून देते. तिला काही द्यायचं ठरवल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकत नाही, असा इथला कायदा. यादी करून पाहिली तर मला ओळखणारी माणसं चार, आणि चौघांनाही काही ना काही द्यायचं. ज्यांना काहीही मिळणार नाही अशी दोन माणसं शोधायला मला तीन आठवडे लागले.

कलम ५. निळी फाइल, "ईनॉक बड" असं नाव घातलेली, माझी नात ईशिता हिची. हे कलम लांबेल.

तीन वर्षांपूर्वी, ईशिता बारा वर्षांची असताना, एका रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल आला. तोवर ती मला दिवाळीला दिसायची, "हॅपी दिवाळी आजोबा" म्हणायची आणि पळायची. त्या दिवशी एकटीच बसली होती.

"आजोबा, शाळेचा प्रोजेक्ट आहे. मम्माच्या फॅमिलीत एक कन्व्हिक्ट होता. त्याचा नाव ईनॉक बड. आणि त्याची गाव तुमच्या जवळ आहे! इथे बेसिंगस्टोक लिहिलंय. तुम्ही जाऊन बघाल?"

तिने चंद्रावर जाऊन बघा म्हटलं असतं तरी मी बसपास घेऊन निघालो असतो.

तिची आई हेदर ही टास्मानियातलीच. तिच्या माहेरचा हा मूळ पुरुष. गाव विदरकोट, इथून अकरा मैल, बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. चर्चच्या आवारात दोन तास फिरलो. बड नावाचा एकही दगड नाही. गरिबांना दगड मिळत नसत, असं तिथल्या पाद्रीणबाईंनी सांगितलं. त्यांनीच मला विंचेस्टरच्या दफ्तरखान्याची वाट दाखवली.

तिथे मी दीड वर्ष, दर बुधवारी गेलो. आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. जुनी अक्षरं लावायला मी कारखान्यातलं भिंग वापरत असे. टेबलावरचा माणूस माझं आडनाव तीन अक्षरांपर्यंत नीट म्हणायचा आणि मग हसायचा. काही आठवड्यांत माझं नाव घेणारा तो एकटाच असे.

ईनॉक असा सापडला. १८३० च्या नोव्हेंबरात इकडे शेतमजुरांची टोळकी निघाली. मळणीयंत्रं आल्यामुळे त्यांचं हिवाळ्यातलं काम गेलं होतं, म्हणून त्यांनी यंत्रं फोडली. ईनॉक बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या हातात घण होता. सात वर्षं काळं पाणी. पुढच्या फेब्रुवारीत टास्मानियाकडे जहाज सुटलं. मी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली आणि म्हातारपणी यंत्र फोडणाऱ्याच्या मागे लागलो, हे मी ईशिताला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. दर रविवारी मी आठवड्याचा शोध सांगत असे. ती वहीत लिहून घ्यायची. कधी मागून कोणी जायचं. सुयशची पाठ मला ओळखू येते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये विदरकोट चर्चच्या जुन्या कागदांत एक पत्र सापडलं. सन १८३४. ईनॉकने तिकडे कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, खाली त्याची फुली. बापाला, टॉमस बडला, लिहिलंय: मी बरा आहे, मेंढ्या राखतो. हे चौथं पत्र. आई कशी आहे एवढं कोणी कळवत नाही. तिला सांगा, मी इथे दारू शिवत नाही.

दफनाची नोंदवही मी आधीच पाहिली होती. त्याची आई हॅना जून १८३१ मध्येच गेली होती, जहाज सुटल्यावर चार महिन्यांनी. पत्राच्या पाठीवर त्या वेळच्या पाद्र्याने बारीक अक्षरात टिपलं होतं: बापाला वाचून दाखवलं. आईचं कळवू नये, पोरगं खचेल, असं त्याचं म्हणणं.

मी भिंग खाली ठेवलं. त्या दिवशी पुढचं काही वाचलं नाही.

दहा दिवसांनी ईशिता उड्या मारतच स्क्रीनवर आली. तिला होबार्टच्या दफ्तरखान्यात ईनॉकचा अर्ज मिळाला होता. शिक्षा संपून तो तिथेच राहिलेला, लग्न झालेलं. सन १८४२: माझ्या आईला इंग्लंडहून येण्यासाठी जहाजाचं भाडं मिळावं. हॅना बड, विदरकोट, वय साठीच्या आसपास, कामाला खंबीर.

"आजोबा, त्यानं आईला बोलवलं होतं! मग ती का नाही आला?"

"माहीत नाही, बाळा," मी म्हणालो. पत्राची नक्कल माझ्या कोपराखाली होती.

प्रोजेक्ट चांगला झाला, शाळेत भिंतीवर लावला. आता ती पंधराची आहे, अभ्यास आहे, मैत्रिणी आहेत. रविवारचे कॉल महिन्यावर आले आणि मग थांबले. त्यात तिचा दोष नाही. ईशिता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर फाइलच्या शेवटच्या पानावर आहे. ते मला तेव्हाही माहीत होतं.

कलम ६. सुयशला.

तुझी आई १४ सप्टेंबर २०१६ रोजी, बुधवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी गेली, दुखणं कळल्यापासून अकरा आठवड्यांनी. तू गुरुवारी पहाटे हीथ्रोला उतरलास. हरीश तुला घ्यायला आला होता, कारण सोमवारी त्यानेच तुला फोन केला होता. तू दारात बॅग धरून मला विचारलंस, "अकरा आठवडे, बाबा. मला का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, "आईनेच सांगितलं होतं, कळवू नका म्हणून." तू बॅग खाली ठेवलीस आणि पुढच्या दहा दिवसांत पुन्हा काही विचारलं नाहीस.

ते खोटं होतं.

आई रोज तुझं नाव काढायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचा पलंग होता. ती विचारायची, "सुयशचा फोन आला का हो?" मी सांगायचो, "आला होता, तू झोपली होतीस." "मग आता लावा ना." मी सांगायचो, "तिकडे रात्र आहे." एकदा ती म्हणाली, "तिकडे सारखी रात्रच कशी असते हो?" मी पाणी आणायला उठलो.

आणि तू रविवारी फोन करायचास तेव्हा मी तुला सांगायचो, आई मंडळात गेलीय, आई झोपलीय.

हरीशने हे पाहिलं. बाहेर ओट्यावर मला म्हणाला, "दीनानाथ, वहिनी डोळे लावून बसल्यात. पोराला कळव." मी म्हणालो, "माझ्या घरातलं मी बघतो." तो म्हणाला, "तू बघत नाहीयेस, म्हणून सांगतोय." आणि त्याने मला न विचारता तुला फोन केला. त्याबद्दल मी त्याचं तोंड पाहिलं नाही.

मी असं का केलं? तुझा धाकटा विहान पोटात होता आणि हेदरला त्रास होता, तुझी नोकरी नवी होती, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. खोटं नव्हतं ते, पण कारण ते नव्हतं. तुला सांगायचं म्हणजे 'आई जाणार' हे शब्द मला तोंडाने उच्चारावे लागले असते. ते मला डॉक्टरांसमोरही जमले नाहीत. शिवाय आणखी एक आहे, ते लिहायला मला चार दिवस लागले. तू आला असतास तर ती तुझी झाली असती. बेचाळीस वर्षं ती कामात, मी शिफ्टमध्ये. ते अकरा आठवडे ती दिवसभर माझ्याकडे बघत होती. मला ते वाटून घ्यायचे नव्हते.

नऊ वर्षं तू समजून आहेस की शेवटी आईला तू नको होतास. तसं नव्हतं. तिने तुला बोलावलं होतं. तो निरोप मी अडवला.

कलम ७. हे कलम नंतर जोडलं आहे.

वरचा मजकूर ऋजुताने तिच्या ऑफिसात वाचला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. सहावं कलम संपल्यावर म्हणाली, "काका, हे विलमध्ये बसत नाही. यात कोणाला काहीच दिलेलं नाही."

"जे आहे ते हेच," मी म्हणालो.

"मग आत्ता द्या की. तुम्ही गेल्यावर त्यानं हे वाचायचं आणि मग भांडायचं कोणाशी?"

तारीख ५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी नऊ. मी सुयशला फोन लावला. म्हटलं, एक वाचून दाखवायचंय, मध्ये बोलू नकोस. सहावं कलम जसंच्या तसं वाचलं. माझा आवाज कारखान्यात सूचना वाचतात तसा येत होता. वाचून संपलं.

मग त्याने विचारलं, "तिचा स्वतःचा फोन कुठे होता?"

"किचनमध्ये. चार्जिंगला."

"अकरा आठवडे?"

"हो."

त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी निळी फाइल ईशिताच्या नावे पोस्टाने पाठवली. सतरा तारखेला ती पोहोचल्याची पोच आली, सही तिचीच आहे. तेव्हा पाचवं कलम आता निकामी झालं आहे. पण ते खोडत नाही. सहावंही खोडत नाही. ऐकलेलं माणूस विसरतं किंवा वेगळंच आठवतं; त्याला पुन्हा बघावंसं वाटलं तर कागदावर असावं. यंदा दिवाळीला होबार्टहून फोन आला नाही. हरीशला मी पत्र टाकलं आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं: "गुडघे दुखतात, नाहीतर आलो असतो."

कलम ८. माझ्या देहाचं बेसिंगस्टोकलाच दहन करावं. भटजी नकोत, हार नकोत. रक्षा नीनाची टाकली त्याच बागेत टाकावी. त्यासाठी कोणी लांबून येण्याची गरज नाही.

कलम ९. मात्र मी आजारी पडलो, इस्पितळात गेलो किंवा जिन्यावरून जरी पडलो, तरी ऋजुताने त्याच दिवशी सुयशला फोन करावा. तिकडे किती वाजलेत ते बघू नये. त्याने उचलला नाही तर पुन्हा करावा. "काळजीचं कारण नाही" असं सांगू नये. डॉक्टर जे म्हणतील ते, त्याच शब्दांत, पूर्ण सांगावं. मी शुद्धीत असलो आणि कळवू नका म्हणालो, तर माझं ऐकू नये. यायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

वरील नऊ कलमं मी लिहिली, दोनदा वाचली, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. दोघांना मराठी येत नाही. मी काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, चहा मात्र घेतला.

स्थळ: बेसिंगस्टोक
तारीख: ३० ऑक्टोबर २०२५

(सही) दीनानाथ रामचंद्र कुंभोजकर

साक्षीदार:
१. (सही) मार्टिन प्रॉसर, दफ्तरखान्यातील नोकर, विंचेस्टर
२. (सही) डोरीन ॲलनबी, पाद्री, विदरकोट