आईचा दोरा

अमरावती, शनिवार, संध्याकाळ

मी खोटं का बोलले?

जिवाणूचा डीएनए पेशीहून हजारपट लांब असतो. केंद्रक नसताना तो आत मावतो कसा, ते गेल्या महिन्यात मला काही केल्या उमजेना. अकोल्याला घरी गेले, तेव्हा गजरे करत बसलेल्या आईला ही अडचण सांगितली. तिने हातातला दोरा पिळून सैल सोडला. स्वतःभोवतीच वेटोळे घेत तो चिमटीत मावेल एवढा झाला. "पीळ देला का मावते, पोरी."

आज सेमिनारमध्ये मी तोच दोरा पिळून दाखवला. सरांनी विचारलं, "छान! कुणी सुचवलं?"

"मीच, सर."

फुलं विकणाऱ्या आईचं नाव घ्यायची लाज वाटली. आणि ती मागच्या बाकावर होती. घरातली पहिली पदवीधर पोरगी बोलणार म्हणून नवी साडी नेसून आलेली.

बसस्टँडवर म्हणाली, "बरं झालं, तुयं नाव झालं." मग हात पुढे केला. "आण तो दोरा. उद्याच्या गजऱ्याले होईन."

दिला मी.

बस गेल्यावर तिथेच उभी राहून सरांना आणि अख्ख्या वर्गाला लिहून पाठवलं: दोऱ्याची कल्पना माझ्या आईची. ती अकोल्याच्या जुन्या शहरात फुलं विकते.