सव्वादहाला सरकणारी रेषा

३ तारीख, सोमवार

पुन्हा सरकली! सकाळी सव्वादहाला, एक दशांश पिक्सेल. आणि संध्याकाळपर्यंत मुकाट्याने परत जागेवर. चार वर्षं खपून बांधलेला स्पेक्ट्रोमीटर, आणि थोरियमच्या दिव्याची एक रेषा त्यात धड उभी राहत नाही. तिच्यावरूनच ताऱ्यांचा प्रकाश मोजायचा — मोजपट्टीच हलली तर मोजणार काय, कपाळ! चौदाला तपासणी मंडळ येतंय. सरकणं शतांशाच्या आत आलं नाही तर यंत्र नापास, आमचा विभाग बंद. मोठे सर हसून म्हणाले, "होईल हो." ते हसले की मला जास्तच धडधडतं.

४, मंगळवार

तापमानाचा आलेख सपाट. दिवा नवा. कॅमेरा ठीक. मग झालंय काय?

नवरा म्हणतो, "गॅस बंद केलाय का बघायला तीनतीनदा उठतेस, तशी आता त्या यंत्राच्या मागे लागलीयस." हसण्यावारी नेलं. पण आजही गेलेच. यंत्राची खोली बंद केल्यावर आत पाऊल टाकायचं नाही, टाकणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी गेली — हा नियम माझाच, दारावरची पाटीही माझ्याच अक्षरात. दोनच मिनिटं! ग्रेटिंगच्या पेटीवर तळवा ठेवून उभी राहते. प्रकाश फोडणारी ती नाजूक काच आत सुखरूप आहे असं हाताला कळलं की जीव भांड्यात पडतो. हल्ली रोज जाते, दहाच्या ठोक्याला, सुटीलासुद्धा. कुणाला सांगितलेलं नाही.

५, बुधवार

सव्वादहा. पुन्हा.

६, गुरुवार

सगळं तपासून झालं, आता एकच जागा उरते — ग्रेटिंग धरणारी चौकट. ती मिस्त्रीकाकांनी घडवलेली. एकवीस वर्षं वर्कशॉपमध्ये आहेत, कानस मारताना श्वास रोखून धरतात.

सरांच्या खोलीत काकांच्या तोंडावरच बोलून गेले, "स्क्रू सैल पडत असणार, दुसरं काही उरतच नाही."

काकांनी एवढंच विचारलं — "नक्की, ताई?"

"आकडे समोर आहेत, काका," म्हटलं मी. केवढा तो तोरा! आता लिहिताना लाज वाटतेय, पण चौकटच असणार. असायलाच हवी.

७, शुक्रवार

सरांनी काकांना कामावरून काढलं. मंगळवारी चौकट उघडायची. पुन्हा जुळवायला तीन आठवडे, म्हणजे चौदा तारीख हातची गेली. मुदत वाढवून मागायला सर मंडळाचे पाय धरणार. काकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघाले. माझी मान काही वर झाली नाही.

१०, सोमवार

शनिवारपासून तापाने फणफणलेय. नवऱ्याने उंबरठा ओलांडू दिला नाही. आज पडल्यापडल्या आकडे उघडले. शनिवार — रेषा स्थिर. रविवार — स्थिर. आज अकरापर्यंत — स्थिर!

आनंदाने ओरडलेच. मग एकदम गार पडले. या तीन दिवसांत वेगळं काय? मी गेले नाही. एवढंच!

माझा तळवा. त्याची ऊब पेटीतून ग्रेटिंगपर्यंत झिरपायला पंधरा मिनिटं लागत असणार. तापमापी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, तिला कुठून कळणार? अगं बाई, मीच! रोज मीच ढकलत होते ती रेषा, आणि काकांच्या माथी मारून मोकळी झाले.

११, मंगळवार

अंगात कणकण होती तरी गेले. सरांना सगळं सांगितलं, पाटीवरचा नियम मीच रोज मोडत होते तेही. चौकट उघडायचं रद्द. "बरं झालं, वेळेत कळलं. माझ्यापाशीच राहू दे हे," म्हणाले. काकांना परत बोलवायचं नावही नाही, त्यांच्या दृष्टीने विषय संपला! संध्याकाळी काकांकडे जायचंय. काय तोंड घेऊन जाऊ?

१२, बुधवार

काल दारातच सगळं सांगून टाकलं. काका आत या म्हणाले नाहीत. म्हणाले, "रोज दहाला आत जाताना बघत होतो मी तुम्हाला. सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती, ताई. वाटलं, सरांसमोर तुम्हीच सांगाल."