खुर्चीतला नाच

अमरावती

सुमनताई,

कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या तासाला मी नाच शिकवते, पण सगळ्यांना एकसारखा नाही. ज्याचं अंग जसं, तसा त्याचा नाच. ही पद्धत मला तुझ्यामुळे सुचली, असं मी कौतुकानं सांगत फिरते.

यंदा वर्गात प्रणाली आहे, तुझ्यासारखीच एका पायानं अधू. तिच्यासाठी मी खुर्चीत बसून करायचा, नुसत्या हातांचा नाच बसवला. आज तिनं खुर्ची बाजूला सारली आणि लंगडतच लेझीम खेळली. ठेका कुठेच सुटला नाही. मग म्हणाली, "मॅडम, तुमी माह्या पायाले पाहून नाच बसवला. मले काहून नाही विचारलं?"

मी हजेरी घ्यायचं नाटक केलं.

परवा अकोल्याला आपल्या पियुषची हळद. नाचाच्या वेळी तुझ्यासाठी खुर्ची मी मंडपवाल्याला सांगून ठेवली आहे, नेहमीसारखी, सगळ्यांच्या पर्स सांभाळायला. तू नाचशील का, एवढंच विचारायला लिहायला बसले. पण "मले तं नेहमीच नाचायचं होतं," असं म्हणालीस तर?

हे पत्र माझ्या पर्समध्येच राहील. आणि ती पर्स परवा तुझ्याच मांडीवर.

तुझी धाकटी,
प्रतीक्षा