गॅरेजसमोरची जाळी

टॅम्झिन,

आपत्ती पथकाचा फोन आला, निघते. इप्सविचकडे गारांनी छपरं फुटलीत, ताडपत्र्या बांधायला माणसं हवीत. ते वादळ आता आपल्याकडेच येतंय.

रस्त्यावरचं सगळं पाणी आपल्या ड्राइव्हवेवरून उतरून गॅरेजच्या दारात येतं, तुला ठाऊकच आहे. ते दारापुढच्या गटारावरच्या जाळीतून गेलं नाही तर थेट आत शिरतं. जाळी उचलून आतली जॅकरांडाची फुलं मी काढली आहेत, पण झाड काही ऐकत नाही. पावसात पुन्हा साठली तर फावड्याने बाजूला ओढ. विजा चमकत असतील तर मात्र बाहेर पाऊल टाकू नकोस. गॅरेज भिजलं तर भिजू दे.

सकाळी तू पाइप लावून फुलं खाली जाळीकडे लोटलीस तेव्हा मी ओरडले, "याच घरात वाढलीस ना गं? फुलं झाडून कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकायची, एवढंही विसरलीस?" ग्रेगचं घर सोडून आल्यापासून तू पहिल्यांदाच आपणहून कशाला तरी हात लावला होतास. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत तू पाइप गुंडाळून खोलीत गेली होतीस.

तुझी खोकी मी गॅरेजमध्ये विटांवर चढवून ठेवली आहेत. ती फक्त आजच्या पावसापुरती. उद्या दोघी मिळून घरात आणू. शिवणाच्या खोलीतलं कपाट मी रिकामं केलंय.

रोस्ट फ्रिजमध्ये आहे. जेव.

आई