पाच पडद्यांची शिष्टाई मोडल्यावर केलेली वाटणी

थोरल्या पुतण्याने काल नाटक कंपनीच्या पाटीवरचे धाकट्याचे नाव रंग फासून पुसले, याची खात्री माझ्या वकीलबाईंनी आज सकाळी स्वतः जाऊन केली. त्यामुळे हे मृत्युपत्र आता लांबवण्यात अर्थ नाही. मी, या दोघांचा सख्खा काका, वय एकोणऐंशी, कंपनीतला जुना नट, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. मला राग आहे. रागाने बुद्धी गेलेली नाही, हे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे.

कलम १. कंपनी दोघा पुतण्यांची. नाट्यगृह मात्र माझ्या एकट्याच्या मालकीचे. तीस वर्षे मी पुराणातल्या भाऊबंदांच्या युद्धाआधीच्या शिष्टाईच्या नाटकात दूत झालो, भरसभेत पाच गावे मागितली आणि हात हलवत परतलो. गेल्या वर्षी वाटणीवरून दोघे हमरीतुमरीवर आले, तेव्हा तेच काम पोशाख न चढवता केले. धाकटा म्हणाला होता, "काका, अर्धी कंपनी राहू दे. पाच जुने रंगवलेले पडदे मिळाले तरी मी माझं वेगळं उभं करीन." तालमीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मी ते पाच पडदे मागितले.

थोरला हसला. "काका, तुमचे संवाद मलाही पाठ आहेत. सुईच्या टोकावर मावेल एवढं कापडसुद्धा मिळणार नाही."

आमच्या कंपनीची रीत अशी की दूताला बांधायला येणारे शिपाई प्रयोगातही दोन हातांवर थांबतात, अंगाला हात लावत नाहीत. थोरल्याने मला दंडाला धरून पोशाखांच्या खोलीत ढकलले आणि बाहेरून कडी घातली. सबंध दुपार मी खोट्या दाढ्यांमध्ये काढली. बाहेर कात्री चालल्याचा आवाज येत होता. पाचही पडद्यांची त्याने फरशी पुसायची फडकी केली.

कलम २. थोरल्याला माझ्या शिवणाच्या डब्यातली एक सुई द्यावी. टोकासकट.

कलम ३. प्रॉम्प्टरने जन्मभर विंगेत बसून विसरणाऱ्यांना वाक्ये पुरवली. त्या दिवशी तो माझ्या समोर बसून चपलेचा अंगठा चाचपत राहिला. नंतर म्हणाला, "मास्तर, काय बोलावं ते सुचलंच नाही." त्याला काही देत नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार म्हणून कायद्याला चालतो, तेव्हा सही त्यानेच करावी.

कलम ४. सारथ्याच्या मुलाची भूमिका करणारा नट थोरल्याकडेच राहिला. मी विचारले, "चूक कोणाची, कळतं ना तुला?" तो म्हणाला, "कळतं, मास्तर. पण मला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यानं काम दिलं." त्याने निदान माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. माझा मुकुट आणि रंगाची पेटी त्याची.

कलम ५. नाट्यगृह धाकट्याला, एका अटीवर. थोरल्याला आत घ्यायचे नाही. भागीदार म्हणून नाही, नट म्हणून नाही, तिकीट काढून आला तरी नाही. परवा धाकटा येऊन म्हणाला,

"काका, मिटवून टाकू का? दादा रडत होता."

"पडद्यांसाठी?"

"नाही. नाट्यगृहासाठी."

"मग रडू दे."

अट मोडल्यास इमारत पाडून जागा शेजारच्या गॅरेजवाल्याला द्यावी. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर समेट घडवायला निघाला होतात." निघालो होतो. तेव्हा समेट पाच पडद्यांत होत होता.

कलम ६. माझ्यामागे आठवड्याच्या आत थोरला हात जोडून येईल. धाकटा विरघळेल; तो तसाच आहे, आणि म्हणूनच नाट्यगृह त्याला देतो आहे. त्याने दार उघडायला हात उचलला की वकीलबाईंनी कलम पाच मोठ्याने वाचावे. तरीही त्याने उघडलेच, तर गॅरेजवाला त्याच दिवशी मोजणीची माणसे आणेल. त्याला मी तसे कळवून ठेवले आहे.

सही: दोघांचा काका
साक्षीदार: १. प्रॉम्प्टर २. डॉक्टर
स्थळ: नाट्यगृहामागची माझी खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार